पळसाच्या फुलांचा रंग सुती कापडावर टिकवायचा कसा?

माळरान (हिंगोली)

शिवरात्रीपासून माळावरचे पळस फुललेत. झाडाखाली रोज सकाळी फुलांचा सडा असतो आणि दुपारपर्यंत तो उन्हाने काळा पडतो. घरात तान्ह्या लेकरासाठी गोधडी शिवायची आहे. वरच्या थराला जुनं पांढरं सुती धोतर घेतलंय, कोरडं वजन अर्धा किलो. ते पळसाच्या फुलांनी रंगवायचं आहे.

फुलं नुसती उकळून कापड बुडवलं तर रंग छान चढतो, पण पहिल्याच धुण्यात निम्मा निघून जातो. तर विचारायचं असं:

रंग पक्का करायला काय, किती आणि कोणत्या क्रमाने घालायचं? आमचं पाणी बोअरचं आहे, भांड्याला पांढरा थर धरणारं. त्याने फरक पडतो का? लेकराच्या अंगाला लागणारं कापड आहे, तेव्हा काय टाळायचं? थोडी फुलं रंगपंचमीसाठीही हवीत, तेही सांगा. आणि पळसाचं झाड एवढं जवळ असताना वर्षभरात त्यातून हाताने करण्यासारखं आणखी काय आहे?

गंगथडी (परभणी)

पहिल्या धुण्यात रंग जातो कारण सुताला पळसाचा रंग धरून ठेवता येत नाही. लोकरीवर, रेशमावर तो सहज बसतो. सुतावर बसवायला मध्ये दोन पायऱ्या लागतात, आधी हिरडा आणि मग तुरटी. हिरड्यातला तुरट अंश सुताला चिकटतो, त्याला तुरटी धरते आणि तुरटीला रंग. क्रम उलटा केला किंवा हिरडा गाळला, तर तुम्ही म्हणता तेच होणार.

फुलं गोळा करण्यापासून सांगतो. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, खाली पडलेलीच फुलं वेचायची. झाडावरची तोडू नका. मैना, बुलबुल, कोतवाल आणि शिंजीर त्या दिवसांत याच मधावर असतात, आणि त्यांच्या येण्याजाण्यातूनच शेंगा धरतात. घरी आणल्यावर प्रत्येक फुलाच्या देठाकडची काळपट, मखमली वाटी काढून टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण रंगाचा उजळपणा त्यावरच ठरतो. वाट्या तशाच उकळल्या तर पिवळ्यात मातकट झाक येते आणि ती नंतर कशानेही जात नाही. घरातल्या पोरांना सोबत बसवा, टोपलंभर फुलं तासाभरात निवडून होतात.

पाकळ्या सावलीत, सुती कापडावर एकेरी थरात पसरा. आपल्याकडच्या फाल्गुनातल्या कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत कडकडीत वाळतात. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. एक किलो ताज्या पाकळ्यांच्या साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम होतात. कापडाच्या वजनाइतक्या वाळल्या पाकळ्या, हा हिशोब धरा. म्हणजे तुम्हाला अर्धा किलो वाळलेल्या, अर्थात चार-पाच किलो ताज्या लागतील. तेवढ्या एका दिवसात मिळत नाहीत, म्हणून रोज वेचून, वाळवून कापडी पिशवीत साठवत जा. ओल राहिली तर बुरशी धरते.

आता कापड. धोतर जुनं असलं तरी त्यात खळ, नीळ आणि साबणाचा अंश असतो. दहा-बारा लिटर पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून तासभर उकळा. पाणी पिवळट होईल, ते फेकून द्या आणि कापड दोन-तीनदा खळबळून घ्या. पिळलेलं कापड वाळवून त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच मुरला तर काम झालं. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा. कापडावर नंतर जे डाग-पट्टे दिसतात त्यातले बरेचसे या पायरीवर घाई केल्यामुळे आलेले असतात.

हिरडा: ७५ ते १०० ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. त्यात कापड पाच-सहा तास बुडवून ठेवा, मधून मधून वरखाली करा. नंतर फक्त पिळायचं, धुवायचं नाही. सावलीत वाळवा. कापडाला फिकट बदामी रंग येईल, तो यायलाच हवा. लोखंडी घमेलं किंवा गंजकी बादली या कामाला अजिबात घेऊ नका, हिरडा लोखंडाला लागला की काळा पडतो. स्टीलचं पातेलं सगळ्यात बरं.

तुरटी: ७५ ग्रॅम तुरटीची पूड थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. वेगळ्या वाटीत १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून तो हळूहळू त्यात ओता. फसफसतं, म्हणून पातेलं उंच घ्या. फेस बसला की बाकीचं पाणी घालून दहा-बारा लिटर करा आणि कापड रात्रभर ठेवा. सकाळी पिळून एकदाच साध्या पाण्यातून काढा. तुरटीचा खडा तसाच टाकला तर तो जिथे कापडाला टेकतो तिथे रंगाचा ठसा उमटतो.

रंग: पाकळ्या रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पाऊण तास ठेवा. खळखळ उकळू देऊ नका, कडेला बारीक बुडबुडे येतील इतकीच आच. फार उकळलं की पिवळा मळकट होतो. जाड कापडातून गाळा, नाहीतर पाकळ्यांचे तुकडे चिकटून ठिपके पडतात. गाळलेल्या पाण्यात ओलं कापड उलगडून सोडा. कोरडं सोडलं तर घड्यांवर पट्टे येतात. पुन्हा मंद आचेवर पाऊण ते एक तास, काठीने हलवत राहा. मग आच बंद करून त्याच पाण्यात थंड होऊ द्या, रात्रभर राहिलं तर उत्तम. पिळा, सावलीत वाळवा आणि निदान तीन दिवस तसंच राहू द्या. त्यानंतर पहिलं धुणं रिठ्याच्या पाण्यात.

उरलेलं पाणी फेकू नका. गोधडीचं सूत त्यात टाकलं तर त्यालाही फिकी पिवळी छटा येते. मात्र सुतालाही आधी हिरडा-तुरटी द्यावी लागेल, ते कापडासोबतच उरकून घ्या.

बालाघाट (बीड)

गंगथडी दादांनी पद्धत नीट सांगितली आहे. पाण्याबद्दल मी लिहिते.

बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात आणि पळसाचा रंग क्षाराला लगेच प्रतिसाद देतो. साध्या मऊ पाण्यात तो पिवळा राहतो, क्षार लागला की नारिंगीकडे झुकतो. म्हणून बोअरच्या पाण्यात रंगवलं तर छटा थोडी केशरी येईल, त्यात बिघाड काही नाही. अडचण वेगळीच येते: पाणी कापडावर सारखं पोचलं नाही तर कुठे पिवळं, कुठे केशरी असे ढग दिसतात. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तम. नसेल तर आरओ फिल्टरचं पाणी निदान रंगाच्या शेवटच्या पातेल्यापुरतं तरी घ्या. तेही नसेल तर बोअरचं पाणी उकळून रात्रभर थंड करा आणि तळाचा थर न हलवता वरचं ओतून घ्या. बराचसा जडपणा जातो.

अख्खं धोतर पातेल्यात घालण्याआधी त्याच कापडाच्या चार पट्ट्या रंगवून बघा. चारही हिरडा-तुरटीच्या. पहिली तशीच ठेवा. दुसरी चिमूटभर खायचा चुना घातलेल्या तांब्याभर निवळीत क्षणभर बुडवा, ती डोळ्यांदेखत नारिंगी होते. तिसरी लिंबाचे दोन-चार थेंब टाकलेल्या पाण्यात, ती स्वच्छ लिंबी पिवळी होते. चौथी हिराकसाच्या (फेरस सल्फेटच्या) अगदी सौम्य पाण्यात, ती मेंदीसारखी हिरवट. सकाळच्या कोवळ्या उन्हात या चार पट्ट्या दोरीवर शेजारी शेजारी वाळत घातल्या की बघत राहावंसं वाटतं. एकाच झाडाखालून वेचलेल्या फुलांचे हे चार रंग. यातला हवा तो निवडा आणि मग मोठं कापड घाला.

लेकराच्या कापडाला हिराकस नको. जास्त झालं तर सूत कुजतं आणि कोवळ्या कातडीला त्याची गरजही नाही. चुन्यात बुडवलं असेल तर चार पाण्यांतून काढा. हिरडा, तुरटी आणि पळस एवढंच ठेवलं आणि कापड नीट धुतलं तर काळजीचं कारण नाही. मात्र ज्या पातेल्यात तुरटी आणि रंग केला त्यात पुन्हा स्वयंपाक करू नका. एक जुनं पातेलं या कामाला कायमचं काढून ठेवा.

रंगवल्यानंतर धुताना धुण्याचा सोडा किंवा कपड्याचा साबण टाळा. साबण क्षारयुक्त असतो, एखाद्या कोपऱ्यात जास्त घासला गेला की तेवढाच नारिंगी डाग पडतो. पडलाच तर लिंबाच्या पाण्यातून अख्खं कापड काढा, छटा पुष्कळशी सारखी होते.

आता जे कुणी सांगत नाही ते. हिरडा-तुरटीने पळसाचा रंग पाण्यात टिकतो, उन्हात टिकत नाही. अंगणात रोज वाळत घातलेल्या कापडाचा रंग उन्हाळा संपेपर्यंत फिकट लोण्यासारखा होईल. सावलीत, उलट्या बाजूने वाळवलं तर जास्त दिवस राहील, पण उडणार हे नक्की. उन्हाला टिकणारा पिवळाच हवा असेल तर डाळिंबाची साल घ्या. तिच्यात तुरटपणा मुळातच असतो, त्यामुळे हिरडा लागत नाही, नुसती तुरटी पुरते. दसऱ्यानंतर तोरणाच्या झेंडूच्या पाकळ्याही वाळवून ठेवण्यासारख्या आहेत. पळसाचा रंग मी तरी दर फाल्गुनात नव्याने चढवायचा म्हणूनच धरते. झाडही दर फाल्गुनात नव्याने फुलतंच की.

माळरान (हिंगोली)

ताई, दादा, फार उपयोगी. पण गोधडी एकदा शिवली की दरवर्षी रंगवणार कशी? चार थर भिजले तर पातेल्यातून उचलायचीसुद्धा नाही.

सुईदोरा (लातूर)

म्हणूनच रंगीत धोतर गोधडीच्या थरात शिवू नका. त्याची खोळ करा. वाकळ, म्हणजे गोधडी, पांढरी, धुवट कापडांची शिवा आणि वरून पळसाच्या रंगाची खोळ चढवा, एका बाजूला बंद लावून. मळली की खोळच धुवायची, फिकी झाली की खोळच रंगवायची. तान्ह्या लेकराची वाकळ रोज ओली होते, तेव्हा एका खोळीवर भागत नाही. धोतरातून दोन निघतील असं माप धरा.

माप: तान्ह्यासाठी तीन फूट रुंद, चार फूट लांब पुरे. थर चार, त्यापेक्षा जाड नको. आपल्याकडे चैत्रापासूनच उकडतं आणि जाड वाकळ लवकर वाळत नाही. वर-खाली मऊ धोतर किंवा लुगडं, मध्ये दोन थर कोणतंही विरलेलं सुती कापड. सगळी कापडं आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या. एक थर नवा आणि बाकी जुने असं झालं तर पहिल्या धुण्यात नवा आटतो आणि वाकळ चुण्या पडून वाकडी होते. मध्ये पॉलिस्टरची साडी घालू नका, ती घाम शोषत नाही आणि टाक्यांखाली सरकते.

थर जमिनीवर अंथरा, हाताने मधून कडेकडे सपाट करा. मग वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला, उभे आणि आडवे दोन्ही. बहुतेकांना हे काम फुकटचं वाटतं, पण ते सोडलं तर टाके घालता घालता वरचा थर पुढे ढकलला जातो आणि शेवटी मध्ये फुगा राहतो. याच कारणाने पक्के टाके मधून सुरू करून बाहेर न्यावेत. कडेकडून आत चौकोनात शिवत जाण्याची पद्धतही आहे आणि दिसायला ती सुंदर दिसते, पण त्यात सैल कापड मध्ये गोळा होतं. हात बसलेल्या बायका ते सांभाळतात. पहिल्या वाकळीला मधूनच सुरुवात करा.

धावदोरा घाला, इंचाला चार-पाच टाके, दोन ओळींत बोटभर अंतर. सूत दोन हातांपेक्षा लांब घेऊ नका, गुंता होतो आणि सारखं कापडातून जाऊन विरतं. सुतावर मेण फिरवून घेतलं तर सुई सरसर जाते. दोरा फार ताणला की कापड गोळा होतं, म्हणून प्रत्येक ओळ संपली की तिच्यावरून हात फिरवून ती सैल करा. गाठी बाहेर ठेवायच्या नाहीत. सुई वरच्या थरातून आत घालून गाठ हलकेच ओढली की ती दोन थरांच्या मध्ये जाऊन बसते. लेकराच्या अंगाला गाठ बोचते आणि मोकळा दोरा बोटाला गुंडाळला जातो, म्हणून शेवटी अख्खी वाकळ डोळे मिटून हाताने चाचपून बघा.

उजेड चांगला असताना दुपारी तासभर बसलात तरी अक्षय तृतीयेच्या आत होईल. हात चालतो तेव्हा डोकं रिकामं राहतं, आणि आजी-आत्या शेजारी येऊन बसल्या तर एक कड त्या उचलतात.

गंगथडी (परभणी)

रंगपंचमीचं राहिलं होतं. १०० ग्रॅम वाळल्या पाकळ्या २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर वीस मिनिटं, गाळून थंड करा. तेवढंच. नारिंगी करायला त्यात चुना घालतात, पण डोळ्यात जाणाऱ्या पाण्यात चुना नको. गरमीत हे पाणी दुसऱ्या दिवशी आंबतं, म्हणून आदल्या रात्रीच भिजत घाला. हिरडा-तुरटी इथे लागत नाही; त्यामुळे कपड्यावरचा बराचसा रंग धुण्यात निघतोही.

कोरडा रंग हवा असेल तर तेच पाणी आटवून पेलाभर करा, त्यात अर्धा किलो मक्याचं पीठ थोडं थोडं मळा, सावलीत वाळवा, कुटून वस्त्रगाळ करा. पाणी जास्त झालं तर पिठाचे खडे होतात, ते अंगाला लागतात.

आणि एक. किनवट-माहूर भागातून कुणी वाचत असेल तर पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलू नका, पडलेलं फूलसुद्धा. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. बांधावरचे आणि गायरानातले पळस पुष्कळ आहेत.

पानपत्रावळ (नांदेड)

"आणखी काय" याचं सरळ उत्तर पत्रावळ. फुलं संपली की चैत्रात नवी पालवी येते. ती तांबूस, लवदार आणि फार कोवळी असते, तिला हात लावू नका, टाचताना फाटते. वैशाखाच्या शेवटी पान चामड्यासारखं जाड होतं, तेव्हापासून पुढे घ्या.

पळसाच्या तीन पानांपैकी मधलं पान मोठं आणि दोन्ही बाजूंनी सारखं असतं. बाजूची दोन एका अंगाला तिरकी असतात. पत्रावळीच्या घेराला मधली पानं घ्या, बाजूची द्रोणाला आणि भोकं झाकायला. एका फांदीवरून एक-दोनच पानं खुडा. फांदी छाटून पानं काढली की पुढच्या वर्षी त्या फांदीवर फुलं नाहीत.

गुळगुळीत बाजू वर ठेवायची. खालची बाजू लवदार असते, तिला अन्न चिकटतं. एक मोठं पान मध्ये, त्याभोवती सहा-सात पानं, टोकं बाहेर आणि प्रत्येक पान शेजारच्यावर तिसरा हिस्सा चढलेलं. काडी कडुनिंबाची किंवा बांबूची, ओली असतानाच बारीक चिरलेली. वाळली की ती टाचतानाच मोडते. टाका म्हणजे काडी खाली घालून वर काढायची, पुन्हा खाली घालायची आणि उरलेली मोडायची. टोकं सगळी खालच्या अंगाला वळवा, जेवणाऱ्याच्या बोटात जाता कामा नयेत. आमटी गळते ती जवळजवळ नेहमी मधल्या पानाच्या सांध्यातून. तिथे आतून आणखी एक पान अंथरा.

एका वेळी जास्त करायच्या असतील तर पाटाखाली वजन देऊन आठवडाभर सावलीत वाळवा. जेवणाच्या तासभर आधी पाणी शिंपडून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या की पुन्हा लवचिक होतात. न शिंपडता उलगडल्या तर शिरेवर तडकतात.

बालाघाट (बीड)

पत्रावळीसाठी आणि फुलांसाठी झाड बांधावर हवं असेल तर बी आत्ताच डोळ्यासमोर ठेवा. शेंगा चपट्या असतात, बी एकच आणि तेही अगदी टोकाला. उन्हाळ्यात तपकिरी होऊन गळू लागल्या की वेचा. बी जुनं झालं की उगवण घटते, म्हणून त्याच वर्षीचं मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसात लावा. सोटमूळ खोल जातं, तेव्हा पिशवीत रोप करण्यापेक्षा जागेवरच बी टोचणं चांगलं. पिशवी घ्यायचीच असेल तर उंच घ्या आणि मूळ तळाला गुंडाळायच्या आत रोप जमिनीत घाला. काळ्या रानात पाणी साचतं तिथेही पळस तग धरतो, पण पहिली दोन-तीन वर्षं वाढ इतकी संथ असते की रोप मेलं असं समजून लोक नांगर घालतात. शेजारी उंच खुंटी ठोकून तिला रंगीत चिंधी बांधून ठेवा.

माळरान (हिंगोली)

खोळीचं एकदम पटलं. आजपासून पाकळ्या वाळवायला घेतो, दीड किलो ताज्या निवडून झाल्यात. सुईदोरा ताई, खोळीच्या बंदांना गाठी येतात, त्या लेकराला बोचतील का? बंद कोणत्या बाजूला ठेवू?

सुईदोरा (लातूर)

पायाच्या बाजूला, आणि तोंड सहा बोटं आत दुमडून घ्या म्हणजे बंद दुमडीखाली झाकले जातात. बंद वीतभरच ठेवा, लांब नकोत. ते धोतराच्याच काठाचे करा आणि रंगवायच्या आधीच शिवून टाका, म्हणजे खोळीसोबत त्यांनाही तीच छटा येईल.